नॅनो, छोटा हत्ती आणि प्रॉडक्टचं व्हिजन म्हणजे नक्की काय

पावसात स्कूटरवरून चाललेलं चार माणसांचं कुटुंब तुम्ही बघितलंच असेल, कदाचित तुम्ही स्वतःच कधीतरी त्या स्कूटरवर पुढे उभे राहिलेले असाल. बाबा चालवतायत, पुढे हँडलला धरून थोरलं उभं, मागे आई एका बाजूला पाय करून बसलेली, तिच्या मांडीवर धाकटं, आणि सगळ्यांवरून पाणी गळतंय. रतन टाटांनी असंच एक कुटुंब रस्त्यावर बघितलं आणि त्यांच्या मनात आलं की या माणसांना परवडेल अशी, डोक्यावर छप्पर असलेली, जरा सुरक्षित गाडी आपण का बनवू शकत नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतः बरेचदा सांगितलीये. टाटा नॅनो तिथून सुरू झाली.

मी पुण्यात सॉफ्टवेअर प्रॉडक्टवर काम करतो आणि टीममध्ये नवीन आलेली मुलंमुली मला एक प्रश्न सारखा विचारतात, की व्हिजन, स्ट्रॅटेजी, रोडमॅप हे तीन शब्द रोज कानावर पडतात, तिन्हीच्या वेगवेगळ्या स्लाइड असतात, पण फरक काय ते कुणी नीट सांगत नाही. दरवेळी मी नॅनोचीच गोष्ट सांगतो, कारण त्यात व्हिजन एक नंबर होतं तरी गाडी चालली नाही, आणि त्याच कंपनीतून त्याच्या थोडा आधी निघालेला छोटा हत्ती, म्हणजे तो छोटा मालवाहू टेम्पो, मात्र गल्लोगल्ली पोचला. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की हे शब्द डोक्यात बसतात, म्हणून आज ते एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी साधे अर्थ. व्हिजन म्हणजे कुणाच्या आयुष्यात काय बदललेलं आपल्याला बघायचंय त्याचं चित्र. स्ट्रॅटेजी म्हणजे ते चित्र आज खरं का नाहीये, मधे नक्की काय अडलंय, आणि ते अडलेलं काढायला आपण आपली ताकद कुठे लावणार आणि कुठे मुद्दाम लावणार नाही, याचं उत्तर. रोडमॅप म्हणजे त्या कामांचा क्रम, आधी काय, नंतर काय. बस इतकंच. यातला सगळ्यात अवघड भाग मधला, आणि बहुतेक ठिकाणी तोच गाळला जातो, म्हणजे वर एक छानसं वाक्य आणि खाली लगेच फीचरची यादी.

स्कूटरवरचं ते कुटुंब हे मी आजवर ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या व्हिजनपैकी एक आहे. का ते सांगतो. त्यात माणूस दिसतो, तो आज कसा आहे ते दिसतं आणि उद्या कसा असावा तेही दिसतं, त्यात इंजिन नाही, टेक्नॉलॉजी नाही, बाजारातला कितवा नंबर वगैरे काही नाही, आणि ऐकलेला माणूस घरी जाऊन बायकोला जसंच्या तसं सांगू शकतो. याउलट मी एका कंपनीत होतो तिथे रिसेप्शनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं की आम्ही आमच्या क्षेत्रातला जगातला सर्वोत्तम प्लॅटफॉर्म बनू. एकदा आमच्या दोन टीममध्ये वाद झाला, की नवीन कस्टमरकडून सुरुवातीलाच सगळी माहिती भरून घ्यायची का दोनच गोष्टी विचारून त्याला आत सोडायचं, तीन आठवडे वाद चालला, आणि त्या तीन आठवड्यात एकदाही कुणी त्या भिंतीकडे बोट दाखवलं नाही, कारण ते वाक्य दोन्ही बाजूंना सारखंच लागू होतं. वाद मिटवायला जे उपयोगी पडत नाही ते व्हिजन म्हणून कामाचं नाही, असं माझं तेव्हापासून मत झालंय.

आता नॅनोकडे परत येऊ. २००३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये रतन टाटा एका पत्रकाराशी बोलत होते, गाडी साधारण कितीला पडेल असा विषय निघाला, त्यांनी एक लाखाच्या आसपासचा अंदाज सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तीच हेडलाइन झाली. खुलासा करावा असं आधी त्यांना वाटलं होतं, पण मग त्यांनी ठरवलं की ठीक आहे, हेच आपलं टार्गेट. टीमला आव्हान म्हणून हे जबरदस्त होतं यात शंका नाही. पण माझ्या मते गोष्ट वळली ती इथेच, कारण तोपर्यंत मधोमध एक कुटुंब होतं, आता मधोमध एक आकडा आला.

आकड्याची ताकद काय असते बघा. त्या टीमनं जे केलं ते इंजिनिअरिंग म्हणून आजही अभिमान वाटावा असं आहे. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन मागच्या बाजूला टाकलं, त्यामुळे मारुती ८०० पेक्षा लांबीला कमी असून आत जागा जास्त मिळाली. एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट, सुरुवातीच्या गाड्यांना डिकी बाहेरून उघडायचीच नाही, पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडायचं, बेसिक मॉडेलला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, यानं किती पैसे वाचतात. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी स्टेजवर आली, रतन टाटा म्हणाले की दिलेला शब्द म्हणजे शब्द, एक लाखच. ती एक्स-फॅक्टरी किंमत होती, टॅक्स, वाहतूक, इन्शुरन्स धरून हातात पडेपर्यंत आकडा वर जाणारच होता, पण शब्द पाळला होता आणि जगभर त्याची बातमी झाली.

आता जरा थांबून त्या स्कूटरवरच्या बाबांच्या जागी बसून विचार करू. त्यांच्याकडे गाडी नाही, का नाही? पैसे हे एक कारण, अगदी मोठं कारण, पण एकटं नाही. समजा त्यांचं छोटंसं दुकान आहे, पगाराची स्लिप नाही, मग कर्ज कोण देणार आणि डाउन पेमेंटला किती लागणार. महिन्याचं पेट्रोल स्कूटरपेक्षा किती जास्त. चाळीत किंवा अरुंद बोळात राहतात तर रात्री गाडी लावणार कुठे. कार चालवायला शिकवणार कोण. कारच्या शोरूममध्ये आयुष्यात पाय ठेवलेला नाही, ती काच, तो एसी, तो टाय घातलेला सेल्समन, आत जायला धीर कसा होणार. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट जी कुठल्याच एक्सेल शीटमध्ये येत नाही, ती म्हणजे आपल्याकडे गाडी घरी येते तेव्हा काय होतं. हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात, शेजाऱ्यांना पेढे वाटतात, सासुरवाडीला फोन जातो. ज्या माणसाची आयुष्यातली ही पहिली गाडी आहे तो वाहतुकीचं साधन घ्यायला आलेला नसतो, आपण एक पायरी वर चढलो हे चार लोकांना दिसावं म्हणून तो वर्षानुवर्षं पैसे साठवत असतो. आणि त्याला आपण काय विकलं, तर जगातली सगळ्यात स्वस्त गाडी. पेढे वाटताना शेजारी विचारणार कुठली घेतली आणि हा सांगणार सगळ्यात स्वस्त आहे ती. तो माणूस आणखी दोन वर्षं थांबून सेकंडहँड का होईना पण मारुती घेईल, आणि मी तरी माझ्या आजूबाजूला नेमकं हेच होताना बघितलं. शहरात घरातली दुसरी गाडी म्हणून नॅनो घेणारे बघितले, पण स्कूटर विकून नॅनोवर आलेलं कुटुंब माझ्या माहितीत एकही नाही. स्वस्त हा शिक्का गाडीला नडला हे पुढे रतन टाटांनीही जाहीरपणे मान्य केलं होतं.

यात नशीबही वाईट होतं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नॅनोचा कारखाना जिथे उभा राहत होता त्या पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला जमिनीवरून आंदोलन पेटलं, ३ ऑक्टोबर २००८ ला टाटांनी तिथून बाहेर पडायचं जाहीर केलं, कारखाना गुजरातला साणंदला हलवला आणि तो सुरू व्हायला जून २०१० उजाडला. मधल्या काळात २००९ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा दोन लाखांच्या वर लोकांनी नाव नोंदवलं होतं, पण गाड्याच नव्हत्या म्हणून लॉटरी काढावी लागली. मग काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये तर महिनाभरात फक्त ५०९ गाड्या गेल्या. पण सगळं सिंगूरवर ढकलून चालणार नाही, कारण साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती आणि नॅनोचं सगळ्यात चांगलं वर्ष, २०११-१२, त्यात ७४,५२७ गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे कारखाना तयार, गाडी तयार, आणि ज्याच्यासाठी केली तो गिऱ्हाईक आला नाही. पुढे पॉवर स्टिअरिंग दिलं, २०१५ च्या मॉडेलला बाहेरून उघडणारी डिकी आणि ऑटोमॅटिक गिअर दिले, तोवर शिक्का पक्का बसला होता. जून २०१८ मध्ये महिन्याभरात एकच नॅनो बनली.

मला सगळ्यात जास्त लागते ती एक वेगळीच गोष्ट. मूळ चित्रात छप्पर होतं तसा सुरक्षित हाही शब्द होता, किंबहुना तोच मुख्य होता, पावसात घसरणाऱ्या स्कूटरपेक्षा सुरक्षित. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर चाचणी केली, त्यात नॅनोला शून्य स्टार मिळाले. बाकीच्या चार गाड्यांच्या बिनएअरबॅगच्या मॉडेलनाही शून्यच मिळाले, त्यामुळे एकट्या नॅनोला बोल लावणं चूक आहे, आणि पावसात स्कूटरपेक्षा ती बरीच हे कुणीही मान्य करेल. पण बाकीच्या गाड्या कुटुंब वाचवायला म्हणून जन्माला आल्या नव्हत्या, ही आली होती. आकडा व्हिजनच्या खुर्चीत बसला की असं होतं, आकडा तेवढा पाळला जातो आणि ज्यासाठी सगळं सुरू केलं ते हळूहळू वाटाघाटीत जातं, कुणीही वाईट हेतूनं करत नाही, रोजच्या छोट्या छोट्या निर्णयांतून होतं.

आता छोटा हत्ती. टाटा एस हे त्याचं खरं नाव, पण ते कागदावर. २०००-०१ मध्ये टाटा मोटर्सला, तेव्हा टेल्को म्हणायचे, पाचशे कोटींचा तोटा झाला होता. ट्रकच्या धंद्यात मंदी आली की सगळी कंपनीच खाली जाते हे त्या वर्षी चांगलंच कळलं आणि नवीन काहीतरी पाहिजे म्हणून गिरीश वाघ यांच्या हाताखाली एक टीम लावली. हेच गिरीश वाघ पुढे नॅनोचेही प्रमुख झाले, म्हणून तर ही तुलना मला इतकी शिकवणारी वाटते, माणसं तीच, हुशारी तीच.

ही टीम आधी रस्त्यावर गेली. तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी बोलली, माल काय नेता, किती नेता, खेपा किती होतात, काय नडतं. त्यातल्या एका तीनचाकीवाल्याचं उत्तर खूप प्रसिद्ध आहे, तो म्हणाला की माझ्याकडे चारचाकी असती तर गावात मला चांगली स्थळं आली असती. हे उत्तर हसण्यावारी नेलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. तीन चाकं म्हणजे रिक्षावाला, चार चाकं म्हणजे गाडीमालक, हा फरक त्या माणसाला पैशात मोजता येत नव्हता पण त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्याची तयारी होती.

आता इथे स्ट्रॅटेजी कशी बनते ते नीट बघा, कारण हा या लेखाचा गाभा आहे. पहिलं, काय अडलंय याचं निदान. त्या काळात सुवर्ण चतुष्कोनाचे मोठे हायवे बनत होते, त्यामुळे दोन शहरांमधला माल अजून मोठ्या ट्रकमधून जाणार हे दिसत होतं, पण तोच मोठा ट्रक दिवसा शहरात घुसू शकत नाही आणि बोळात तर कधीच नाही. म्हणजे गोदामापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याला गाडी पाहिजे. तिथे होती तीनचाकी, ती स्वस्त पण कमी वजन नेणारी, हायवेवर हळू आणि चालवणाऱ्याला मान न देणारी. दुसरं, निवड. टाटांनी तीनचाकीशी किमतीत भांडायचं नाही असं ठरवलं. सगळ्यात सोपा रस्ता तोच होता, आपणही एक तीनचाकी काढा आणि पाच हजारानं स्वस्त विका. त्याऐवजी तीनचाकीपेक्षा महाग, साधारण सव्वादोन लाखांची, पण खरी चार चाकांची, स्टिअरिंगची, बंद केबिनची गाडी करायची. तिसरं, ती निवड परवडावी म्हणून बाकीच्या सगळ्या गोष्टी तिच्या मागे उभ्या करणं. नवीन इंजिन शोधत बसले नाहीत, टाटांच्याच इंडिका कारचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, ते अर्धं केलं, ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर. माल नेणार ७५० किलो. जोरात पळणारी नको, दिसायला भारी नको, बोळात वळली पाहिजे आणि डिझेल कमी खाल्लं पाहिजे.

आणि किंमत? छोटा हत्ती घेणारा माणूस किंमत बघतच नव्हता असं नाही, पण तो ती वेगळ्या डोळ्यांनी बघत होता, महिन्याचा हप्ता इतका, दिवसाला इतक्या खेपा, एका खेपेला इतके सुटतात, म्हणजे हप्ता जाऊन हातात इतके उरतात. गाडी स्वतःचे पैसे स्वतः फेडत होती. त्यामुळे त्याच्या बाबतीत किंमत ही मुख्य अडचण नव्हतीच, आणि हे टीमला कळलं होतं कारण ती त्याच्याशी बोलली होती. मे २००५ मध्ये गाडी आली आणि २० महिन्यांत एक लाख गाड्या गेल्या. मग २००७ मध्ये त्याच ढाच्यावर माणसं नेणारी मॅजिक काढली, आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, तीच दिसायची. हे पण बघण्यासारखं आहे, आधी एका माणसाचं एक काम पूर्ण धरलं, ते जमल्यावर मग शेजारच्या कामाला हात घातला, पहिल्याच दिवशी माल आणि माणसं दोन्हीसाठी एकच गाडी असला प्रकार केला नाही.

आणखी एक उदाहरण थोडक्यात देतो कारण त्यात एका शब्दाची ताकद कळते. मदुराईचं अरविंद आय हॉस्पिटल. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर, ५८ व्या वर्षी, १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं. त्यांचं म्हणणं होतं की टाळता येण्यासारखं अंधत्व संपवायचं. यातला टाळता येण्यासारखं हा शब्द काढून टाका आणि वाक्य परत वाचा. अंधत्व संपवायचं हे कुणीही म्हणेल आणि त्यातून काम काय करायचं ते कळणार नाही. पण टाळता येण्यासारखं म्हटलं की नजर सरळ मोतीबिंदूवर जाते, ऑपरेशन छोटं, इलाज माहिती असलेला, आणि तरी लाखो लोक त्यानं आंधळे होतात कारण त्यांच्यापर्यंत तो इलाज पोचत नाही. म्हणजे अडचण वैद्यकीय ज्ञानाची नाही, संख्येची आणि खर्चाची आहे. तिथून पुढचे निर्णय आपोआप एकमेकांत गुंफत जातात, सर्जनचा वेळ सगळ्यात महाग म्हणून दोन टेबलं लावायची, एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार, बाकीची कामं करायला खेड्यातल्या मुलींना ट्रेनिंग द्यायचं, गावोगावी शिबिरं घेऊन पेशंटला बसनं आणायचं, ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे बाकीच्यांचं फुकट करता येतं. डोळ्यात बसवायची लेन्स बाहेरून आणायची तर शंभर डॉलरच्या आसपास पडायची, म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स स्वतःच बनवायला घेतली आणि ती दहा डॉलरच्या आसपास आणि पुढे त्याच्याही खाली आणली. यातला एकही निर्णय एकटा उचलून दुसऱ्या हॉस्पिटलात लावला तर फार फरक पडणार नाही. शिबिरं नसतील तर दोन टेबलं रिकामी राहतील, टेबलं नसतील तर शिबिरातून आणलेली माणसं ताटकळत बसतील. असे निर्णय एकमेकांना टेकून उभे असले की त्याला स्ट्रॅटेजी म्हणावं. नुसते दहा चांगले उपक्रम एका पानावर लिहिले तर ती यादी झाली.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना टाटांचा कारखाना ना हॉस्पिटल, आमची सहा जणांची टीम, आम्ही काय करायचं. तर एक अगदी आपल्यातलं उदाहरण घेऊ, मनानं रचलेलं आहे, पण मी डेअरीच्या गावचा असल्यामुळे त्यातलं जग मला माहितीये. समजा तुम्हाला गावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचंय. पहिल्या मीटिंगला काय होतं ते मी सांगू शकतो. कुणीतरी म्हणणार शेतकऱ्यासाठी ॲप करू, कुणी म्हणणार त्यातच पशुखाद्य विकू, कुणी म्हणणार जनावरांचा डॉक्टर व्हिडिओ कॉलवर देऊ, कुणी म्हणणार दुधाच्या बिलावर कर्ज देऊ. तासाभरात फळा भरतो आणि सगळ्यांना वाटतं स्ट्रॅटेजी झाली.

त्याऐवजी दोन दिवस सकाळी सहाला संस्थेत जाऊन बसा. लाइन लागलेली असते, प्रत्येकाच्या हातात किटली, सचिव सॅम्पल घेतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि ती सोडून बाकीचे घन पदार्थ) दाखवतं, तो वहीत लिहितो, पुढचा माणूस. संध्याकाळी परत तेच. रात्री घरी बसून तो सगळं कॉम्प्युटरवर चढवतो, झोप आलेली असते, आकडे चुकतात. दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्या दिवशी संस्थेत भांडण, माझी फॅट मंगळवारी इतकी कमी कशी लागली, वही दाखवा. म्हणजे शेतकऱ्याची खरी अडचण ॲप नाही ही नाहीचे. आपण घातलेल्या दुधाचं काय झालं यावर त्याचा विश्वास नाही, आणि विचारायची वेळ दहा दिवसांनी येते तेव्हा दूध केव्हाच पुढे गेलेलं असतं. हे निदान हातात आलं की व्हिजन एका वाक्यात लिहिता येतं: दूध घालून घरी पोचायच्या आत प्रत्येक बाईला, प्रत्येक माणसाला आज आपले किती रुपये झाले ते माहिती असावं आणि त्यावर त्यांचा भरवसा असावा. बाई मुद्दाम लिहिलं, कारण बऱ्याच घरांत गोठा तीच बघते आणि खातं मात्र नवऱ्याच्या नावावर असतं, मेसेज कुणाच्या मोबाइलवर जाणार हा प्रश्न या एका शब्दामुळे आत्ताच टेबलावर येतो.

मग स्ट्रॅटेजी. मशीनवर आलेला आकडा मधे कुणाचा हात न लागता थेट मेसेजनं शेतकऱ्याला जाणार, हा आपला मुख्य डाव. त्यासाठी मशीनला जोडणी करण्यावर टीममधली सगळ्यात चांगली दोन माणसं. शेतकऱ्यासाठी ॲप पहिलं वर्षभर नाही, साधा मेसेज, कारण साधा फोन सगळ्यांकडे आहे आणि मेसेज वाचायला काही शिकावं लागत नाही. खाद्य नाही, कर्ज नाही, डॉक्टर नाही. आता यात कोण अडवेल? सचिव. आकडा थेट गेला की त्याच्या हातातलं काहीतरी जातं असं त्याला वाटणार, आणि मशीन त्याच्या टेबलावर आहे, त्यानं वायर काढून ठेवली तर आपलं सॉफ्टवेअर संपलं. म्हणून त्याला त्याच्या रात्री परत द्यायच्या, दुसऱ्यांदा टाइप करणं बंद, दहा दिवसांचं बिल आपोआप तयार. बघा, बिलाचं फीचर आता यादीतलं अकरावं फीचर राहिलं नाही, ते नसेल तर मुख्य डावच बसत नाही. रोडमॅपवर त्याची जागा आपोआप ठरली, कुणाला वाद घालायला लागला नाही.

नाही म्हणण्याबद्दल थोडं जास्त बोलतो कारण तिथेच सगळे कच खातात. ज्या नकारानं कुणालाच काही वाटत नाही तो नकार नाही. आम्ही खराब क्वालिटी करणार नाही, असं लिहिण्यात काय अर्थ, खराब करा असं म्हणणारं कुणी आहे का. खरा नकार म्हणजे ज्याच्या दुसऱ्या बाजूलाही शहाणा माणूस उभा राहू शकतो. पशुखाद्य विकण्यात खरोखर पैसा आहे, सेल्सवाल्याला ते पाहिजे असणार, तो चुकीचा नाहीये, आणि तरीही या वर्षी नाही. हे त्याच्या तोंडावर, कारण सांगून, लिहून द्यायला लागतं. टाटांनी तीनचाकी काढायची नाही हे ठरवलं तेव्हा तीनचाकीचं मार्केट रिकामं नव्हतं, चांगलं चाललेलं होतं.

आणि आपण चुकलो हे कसं कळणार तेही आधीच लिहून ठेवा, नंतर लिहायला बसलं की माणूस स्वतःला सोयीचं लिहितो. डेअरीच्या उदाहरणात मी किती मेसेज गेले हे मोजणार नाही, मेसेज जाणं आपल्या हातात आहे. मी बिलाच्या दिवशी वही बघायला किती लोक येतात ते मोजेन. तीन महिन्यांनी तेवढेच लोक येत असतील तर आपलं निदान चुकलं, मग कदाचित अविश्वास आकड्यावर नसून मशीनवरच आहे, आणि मग महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर मशीन तपासून दाखवणं हे कुठल्याही फीचरपेक्षा मोठं काम ठरेल. अशा वेळी स्ट्रॅटेजी बदलायची, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. व्हिजन मात्र दर तिमाहीला बदलत असेल तर ते व्हिजन नव्हतंच. छोट्या हत्तीची मे २०२२ मध्ये इलेक्ट्रिक गाडी आली, तिच्यात डिझेल इंजिन नाही, ज्या इंजिनावर मूळ सगळा हिशेब बसवला होता तेच नाही, पण बोळातल्या दुकानापर्यंत माल नेऊन स्वतःच्या पायावर उभा राहणारा तो चारचाकीचा मालक तसाच मधोमध आहे.

हे सगळं किती लांब लिहायचं असं पण मुलं विचारतात. माझ्या अनुभवात दोन पानं पुरतात, त्यातलं पाऊण पान निदानाचं, आणि ते लिहायला दोन आठवडे लागतात कारण त्यातले आठ-दहा दिवस संस्थेत, दुकानात, गोदामात, जिथे कुठे तुमचा माणूस असेल तिथे जाऊन बसण्यात जातात. लिहून झालं की ते सेल्सच्या माणसाला, सपोर्टला फोन उचलणाऱ्या मुलीला आणि सगळ्यात नवीन डेव्हलपरला वाचायला द्या, आणि तिघांना वेगवेगळं बसवून एकच विचारा, उद्या एखाद्या मोठ्या संस्थेनं फोन करून सांगितलं की आम्ही दुप्पट पैसे देतो पण आम्हाला खाद्यविक्री पाहिजे, तर आपण काय सांगायचं. तिघांचं उत्तर एकच आलं तर कामाला लागा, वेगवेगळी आली तर ती दोन पानं परत उघडा आणि निदानापासून सुरू करा.